सतरावं स्टेशन

आमच्या लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. त्यातली अडतीस वर्षं मी स्वतःच्या हातानं प्रवासाचं तिकीट काढलेलं नव्हतं. आता हे सांगताना लाज वाटते, तेव्हा मात्र वाटत नसे. एस.टी.त आधी हे चढायचे, खिडकीशी रुमाल टाकायचे, मग मी. तिकीट ह्यांच्या खिशात, सुटे पैसे ह्यांच्या हातात आणि माझ्या हातात पिशवी. बिद्रीहून कोल्हापूर ते केवढंसं! तरी अंबाबाईच्या दर्शनाला जायचं झालं तर ह्यांना नाहीतर धाकट्या दिरांना सवड मिळेपर्यंत मी थांबायची. "एकटी कुठे जातेस?" असं कुणी म्हणायची वेळच मी येऊ दिली नाही, कारण तसं मी मनाशी आधीच म्हणून टाकलेलं असायचं.

अशा बाईवर मुंबईत रोज जमिनीच्या पोटातून एकटीनं प्रवास करायची पाळी आली. त्याचीच ही हकिगत.

डिसेंबर २०२५ मध्ये ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. कोल्हापुरात तपासण्या झाल्या आणि बायपास करावी लागेल असं ठरलं. लेक मुंबईला मरोळला असते. ती हटूनच बसली, "बाबांना इकडेच आणा." रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आम्ही निघालो, सकाळी टॅक्सीनं गिरगावच्या बाजूच्या एका इस्पितळात पोचलो आणि चार दिवसांनी ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं. पुढे प्रश्न उभा राहिला तो डब्याचा. डॉक्टर म्हणाले, घरचं अळणी जेवण चालेल. रात्री इस्पितळात दीर थांबणार, दिवसा मी. लेकीची रजा संपलेली, जावयांची रात्रपाळी, नातीची शाळा. मरोळ एका टोकाला, गिरगाव दुसऱ्या. टॅक्सीनं जायचं तर वाटेतल्या गर्दीत डबाही निवणार आणि रोजचे पैसेही जाणार.

लेक म्हणाली, "आई, मेट्रोनं जा. घराजवळून थेट गिरगाव. कुठे बदलायची नाही."

मला वाटलं, पुलावरून जाते ती मेट्रो. मरोळ नाक्याला तीही आहे, वर्सोव्याहून घाटकोपरला जाणारी, २०१४ सालापासूनची. पण ही दुसरी, तिच्या खालची, थेट भुईत शिरलेली. आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर आणि सत्तावीस स्टेशनं. त्यातलं एक आरेचं तेवढं उजेडात, बाकीची सगळी जमिनीखाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा पहिला तुकडा सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडला पोचली. म्हणजे आमच्या गरजेच्या दोनच महिने आधी. देवानंच वेळ साधली म्हणायची.

पण तेव्हा तसं वाटलं नाही. आमच्याकडे जमिनीखाली माणूस उतरतो तो विहिरीचा गाळ काढायला. तोही कमरेला दोर बांधून, आणि वर चार माणसं उभी करून! इथे तर हजारो माणसं बिनदोराची उतरत होती.

पहिले दोन दिवस लेक सोबत आली. सरकत्या जिन्याशी माझे पाय लटपटले. पायऱ्या पायाखालून निघतात आणि पुढे जाऊन गिळल्या जातात, त्यात निऱ्या अडकल्या तर? लेक म्हणाली, "निऱ्या उचल, उजव्या बाजूला उभी राहा, कठडा धर." मागची माणसं चुळबुळ करत होती. शेवटी आम्ही लिफ्टनं गेलो. सामान तपासायच्या यंत्रातून माझ्या डब्याची पिशवी निघाली आणि पडद्यावर तीन वाट्या दिसल्या. आमटी कुठली नि भात कुठला तेवढं मात्र तिथल्या मुलीला कळलं नसेल!

तिकीट म्हणजे कागदाचा चिटोरा. त्यावरचा ठिपक्यांचा चौकोन फाटकाला दाखवला की फाटक उघडतं. कमीत कमी १० रुपये, या टोकापासून त्या टोकापर्यंत ७०. फलाटाला काचेची भिंत, तिला दारं. गाडी येऊन थांबली की गाडीची आणि भिंतीची दारं एकदमच उघडतात. रुळावर पडायची भीती नाही, एवढं बघून जरा जीव खाली बसला.

पण खरी अडचण वेगळीच होती. एस.टी.त बसलं की बाहेरचं दिसतं. वडाचं झाड गेलं, ओढा गेला, कारखान्याचं धुराडं दिसलं की घर आलं. इथे खिडकीबाहेर नुसता काळोख. आपण दादरच्या खाली आहोत की धारावीच्या, कळायचं कसं? नाव पुकारतात, पाटीवर उमटतंही, पण माझं लक्ष भलतीकडे गेलं तर?

त्या रात्री मी लेकीकडून सगळी स्टेशनं कागदावर उतरवून घेतली. मरोळ नाक्यानंतर गिरगाव सतरावं. जपाला माळ नसली की माझी आई बोटांच्या पेरांवर मोजायची. चार बोटांची बारा पेरं. मी लावून बघितलं. पहिलं पेर विमानतळ, नववं दादर, दहावं सिद्धिविनायक आणि हाताची बारा पेरं संपतात तिथे आचार्य अत्रे चौक. मग दुसऱ्या हाताची पाच बोटं: सायन्स सेंटर, महालक्ष्मी, जगन्नाथ शंकरशेठ, ग्रँट रोड आणि करंगळीला गिरगाव. हात असे हिशेबाला बरोबर पुरले तेव्हा मला धीर आला.

तिसऱ्या दिवशी एकटी निघाले. डबा छातीशी, पदर खोचलेला, तोंडानं अंबाबाईचं नाव. समोर गाडी आली, दार उघडलं, चढले. पहिलं पेर धरलं आणि ऐकते तर पुढचं स्टेशन एमआयडीसी! माझ्या पेरावर तर विमानतळ होता. काळजात धस्स झालं. मी आरेकडे जाणाऱ्या गाडीत बसले होते. पेरं मोजायची ठरवली नसती तर कळलंही नसतं. लगेच उतरले. गणवेशातली एक मुलगी उभी होती, लेकीहून लहान. तिला म्हटलं, "बाळ, मी चुकले गं." ती हसली नाही. दुसऱ्या बाजूला घेऊन गेली, गाडीत बसेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, गाडीच्या कपाळावर नाव असतं. ते वाचूनच चढायचं."

त्या दिवशी जेवण उशिरा झालं. ह्यांनी घड्याळाकडे बघितलं, बोलले काही नाहीत. मीही नाही. दोन दिवसांनी न राहवून सांगितलं तेव्हा हे हसायला लागले आणि छातीशी उशी धरून म्हणाले, "हसवू नकोस गं, टाके दुखतात."

त्यानंतर रोज विचारू लागले, "आज काय बघितलंस?" आतापर्यंत बाहेरचं सांगायचे ते हे आणि ऐकायची ती मी. साखर कारखान्यात वजनकाट्यावर ह्यांची नोकरी झाली. कुठल्या गावचा ऊस आला, कुठली बैलगाडी उलटली, हे सगळं घरी येऊन सांगायचे. आता हे पलंगावर आणि बातम्या माझ्याकडे.

मग मी डोळे उघडे ठेवून बघायला लागले. बाहेर काही दिसत नाही म्हणून गाडीतली माणसं एकमेकांकडे बघतात, आणि बघत नाही असं दाखवतात. मुंबईच्या लोकलमध्ये बायका भाजी निवडतात, भजनं म्हणतात असं ऐकलं होतं. इथे तसं काही नाही. इथे सगळं गार नि गप्प. कुणी पोर पुस्तक वाचतंय, कुणी बाई बसल्या बसल्या झोपलीय आणि तिचं स्टेशन आलं की बरोबर जागी होते. ती कुठल्या पेरावर मोजते कोण जाणे! आणि समोरच्या काळ्या काचेत आपलंच तोंड दिसत राहतं. घरी आरशासमोर मी कुंकू लावण्यापुरती उभी राहते. इथे पाऊण तास स्वतःकडे बघायची सक्ती. पहिल्या आठवड्यात त्या काचेत एक घाबरलेली म्हातारी दिसायची. पुढे पुढे ती मला बरी वाटू लागली.

जावई रात्रपाळीला जायच्या आधी गप्पा मारत बसत. त्यांनी सांगितलं, हा बोगदा ज्या यंत्रांनी खणला त्यांना नद्यांची नावं दिली होती. गोदावरी, वैनगंगा, कृष्णा. आमची दूधगंगा आणि वेदगंगा शेवटी कृष्णेलाच मिळतात. म्हटलं, मग परकं कशाला वाटायला हवं? नातीनं तिच्या पुस्तकातलं सांगितलं, "आजी, लंडनमध्ये १८६३ मध्येच जमिनीखालून गाडी गेली, वाफेच्या इंजिनाची. आणि आपल्या देशात पहिली कोलकात्याला, १९८४ मध्ये." तो बोगद्यातला धूर कोंडून त्या बायकांचं काय होत असेल, याचा विचार करत मी दोन स्टेशनं घालवली. आमची गाडी तर एवढी गार की शाल लागते.

अत्रे चौकाच्या आसपास गाडी आली की मला मामीची आठवण यायची. त्या भागात वर एके काळी गिरण्याच गिरण्या. आमच्या कोल्हापूर-साताऱ्याकडची, कोकणातली माणसं तिथे पोट भरायला गेली. माझा मामाही वरळीला गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो मिटलाच नाही म्हणायचा. मामा पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतला. मामी मात्र आधीपासून खोलीत दहा-बारा गिरणीवाल्यांची खाणावळ चालवायची. अशा खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, हे मी मागाहून वाचलं. मामीला अक्षर येत नव्हतं, पण बसचे आकडे ओळखून ती धान्य आणायला एकटी जायची, एकटी यायची. गावी आल्यावर म्हणायची, "वाट काय कुणाच्या बापाची आसती व्हय गं? इचारत जायाचं." आम्ही तिच्या बोलण्याला हसायचो. मी सातवी शिकलेली, पाट्या वाचता येतात, तरी माझं घाबरणं तिच्यापेक्षा मोठं होतं. ती होती त्याच जमिनीच्या खालून जाताना हे कळलं.

एकदा सांताक्रूझला एक म्हातारी शेजारी येऊन बसली. हातात नारळाची पिशवी. विचारलं, "सिद्धिविनायक आलं का वो?" बोलणं आमच्याकडचं वाटलं.

"गाव कुठलं तुमचं?" मी विचारलं.

"निपाणीजवळ. आणि तुमचं?"

"बिद्री."

"म्हंजे कारखान्याची बिद्री? माझी नणंद दिलीया की मुदाळात!"

लेक कामावर, म्हणून एकटीच निघाली होती. वाचता येत नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "हे बघा, इथून सहावं. दोन बोटांची पेरं संपली की उतरायचं." दर स्टेशनाला ती मला पेर दाखवायची आणि मी मान हलवायची. सहाव्याला उतरली, काचेपलीकडून दोन बोटं उंच करून दाखवली. त्या दिवशीची बातमी ह्यांना सांगताना माझाच गळा भरून आला.

आता सांगते ती बाराव्या दिवसाची गोष्ट. पहाटे सव्वापाचला दिरांचा फोन आला. "वैनी, दादाला धाप लागलीया. परत अतिदक्षता विभागात नेलंय." लेकीला उठवलं. नात तापानं फणफणलेली, जावई यायला अजून दोन तास. लेक रडवेली होऊन म्हणाली, "आई, ते आले की आपण दोघी जाऊ. थोडं थांब."

आयुष्यभर मी थांबत आले होते. त्या पहाटे मला थांबता आलं नाही. पायात चपला घातल्या आणि निघाले. सहाच्या सुमाराला पहिली गाडी. सरकत्या जिन्यावरून कधी उतरले तेही कळलं नाही. गाडीच्या कपाळावरचं नाव मात्र वाचलं.

डबा हातात नव्हता, त्यामुळे हात मोकळे आणि मन रिकामं. पेरं मोजत होते, पण मधेच "धाप लागलीया" आठवायचं आणि हिशेब सुटायचा. मिठी नदीच्या खालून गाडी जाते ते ठाऊक होतं. त्या दिवशी वाटलं, ही सगळी नदी आपल्या छातीवर आहे. कितवं स्टेशन झालं, किती राहिलं, काही कळेना. काचेत बघवेना. शेजारी कामावर निघालेली एक बाई होती. तिनं काही विचारलं नाही, नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

तेवढ्यात पुकारा झाला, पुढचं स्टेशन महालक्ष्मी. आमच्या कोल्हापूरच्या आईचंच नाव! माझे हात आपोआप जोडले गेले. आणि जोडलेल्या हातांकडे बघताना आठवलं, महालक्ष्मी म्हणजे दुसऱ्या हाताचं दुसरं बोट. आता तीनच राहिली. शंकरशेठ. ग्रँट रोड. गिरगाव.

मी पोचले तेव्हा सात वाजायचे होते. फुप्फुसाशी पाणी साठलं होतं. डॉक्टरांनी ते काढलं आणि दुपारपर्यंत धाप उतरली. काचेतून मला बघून ह्यांनी हाताच्या खुणेनं विचारलं, कुणाबरोबर आलीस? मी एक बोट वर केलं. एकटी. ह्यांचे डोळे भरले. ते दुखण्यानं की कशानं, मी कधी विचारलं नाही.

एकोणीस दिवस मी तो प्रवास केला. माझ्यासारखी कुणी पहिल्यांदा जाणार असेल तर अनुभवाचं चार शब्द सांगते. गाडीच्या कपाळावरचं नाव वाचल्याशिवाय चढू नका. परतीचा पत्ता आणि लेकाचा-लेकीचा नंबर कागदावर लिहून बटव्यात ठेवा, मोबाइल असला तरी. सरकत्या जिन्याला निऱ्या चांगल्या वीतभर उचला. भीती वाटली तर लिफ्ट विचारा, त्यात कमीपणा नाही. बाहेर पडायची दारं अनेक असतात. पहिल्याच दिवशी आपल्या दाराचं अक्षर नि आकडा पाठ करा, नाहीतर रस्त्याच्या भलत्याच बाजूला डोकं वर निघतं. आमटीच्या डब्याच्या झाकणाला आधी फडकं बांधा. आणि चुकलात तर विचारा. मामी म्हणायची तसं, विचारत जायचं.

महिन्यानं ह्यांना दाखवायला पुन्हा मुंबईला गेलो. डॉक्टरांनी आता गाडीनं फिरायला हरकत नाही म्हटलं होतं. मरोळ नाक्याला हे सवयीनं खिडकीकडे निघाले, खिशात हात घालून. मी म्हटलं, "तुम्ही तिथे बसा." दोन तिकिटं काढली. जिन्याशी हे थबकले. मी म्हटलं, "उजवीकडे उभे राहा, कठडा धरा," आणि ह्यांचा दंड धरला. गाडीत हे काचेतल्या काळोखाकडे बघत बसले आणि दर दोन मिनिटांनी, "आलं का गं?" चाळीस वर्षं मी हाच प्रश्न विचारत आले होते आणि हे "येईल येईल" म्हणायचे. मी तसं म्हटलं नाही. ह्यांचा हात मांडीवर घेतला आणि पहिल्या पेरावर अंगठा टेकवला.

आता आम्ही बिद्रीत आहोत. ह्यांची एक गोळी गावात मिळत नाही, महिन्यातून एकदा कोल्हापूरहून आणावी लागते. ती मी आणते. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे. ते निम्मं तिकीट स्वतःच्या बटव्यातून काढताना मला जे वाटतं ते पूर्ण तिकीट काढणाऱ्याला कळायचं नाही. खिडकीतून इस्पुर्ली जातं, कळंबा जातो. सगळं उजेडात दिसतं, मोजायची काही गरज नाही. तरी माझी बोटं पेरं धरतात.

परवा निघताना हे दारात येऊन म्हणाले, "सोबत येऊ का?"

म्हटलं, "नको. घरी थांबा. दूध तापवून ठेवा, आणि उतू घालवू नका."